आल्फ्रेडच्या डोळ्यांनी : व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, नर्सिंग आणि समानुभूती

‘सिस्टर’ हा शब्द आमच्या घरात दोन अर्थांनी चालतो. शाळेत शिकवणाऱ्या, चर्चमध्ये भेटणाऱ्या त्या सिस्टर आणि दवाखान्यात सलाइन लावणाऱ्या त्याही सिस्टर. कोणत्या सिस्टरविषयी बोलणं चाललंय हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. पण दोघींकडून आपली अपेक्षा मात्र एकच असते : समोरच्याचं दुःख यांना समजावं. पहिल्या सिस्टरने त्यासाठी आयुष्य वाहिलेलं असतं. दुसरीचं काय? तिला शरीररचना शिकवतात, औषधांची मात्रा शिकवतात, इंजेक्शन कसं द्यायचं ते पुतळ्यावर गिरवून घेतात. या सगळ्याची परीक्षा घेता येते. पण दुसऱ्याच्या दुखण्याची जाणीव शिकवता येते का? आणि येत असेल, तर कशी?

गेल्या दहाएक वर्षांत या प्रश्नाला एक नवं उत्तर मिळालंय. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट चढवायचा आणि त्याला काही मिनिटांसाठी रुग्ण करून टाकायचं. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ असं आपल्याकडे म्हणतात. हे तंत्र म्हणतं, थांबा, न जळताही थोडंफार कळवून देता येईल. हे कसं करतात, त्यातून काय साधतं आणि कुठे फसतं, हे मी या लेखात सांगणार आहे. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, नर्सिंगची नाही. तरीही हा विषय आपल्या मंडळाच्या अंकात का, ते पुढे लक्षात येईल.

आधी शब्द

मराठीत ‘सहानुभूती’ हा शब्द मूळचा चांगला आहे. सह म्हणजे बरोबर, अनुभूती म्हणजे अनुभव. पण वापरून वापरून तो आता कीव किंवा दया यांच्या जवळ जाऊन बसलाय. ‘मला कोणाची सहानुभूती नको’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘माझी कीव करू नका’ असंच म्हणायचं असतं. म्हणून ‘एम्पथी’साठी अलीकडे ‘समानुभूती’ हा शब्द रुळतोय. मी तोच वापरते.

‘एम्पथी’ हा इंग्रजी शब्द तसा फार जुना नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी १९०९ साली ‘आइनफ्यूलुंग’ या जर्मन शब्दासाठी तो घडवला. आइनफ्यूलुंग म्हणजे आत शिरून अनुभवणं. गंमत अशी की जर्मनीत हा शब्द रुग्णांसाठी नव्हताच. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट फिशर यांनी तो कलेच्या संदर्भात वापरला होता : एखादं चित्र किंवा शिल्प पाहताना आपण मनाने त्याच्या आत कसे शिरतो, ते सांगण्यासाठी. म्हणजे हा शब्द कलेच्या दालनातून निघाला, मानसशास्त्रातून फिरला आणि मग इस्पितळात पोहोचला.

नर्सिंगमध्ये समानुभूती म्हणजे नेमकं काय, याची मांडणी थेरेसा वाइजमन यांनी १९९६ साली केली. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. समोरच्याला जग जसं दिसतं तसं पाहणं. त्याच्याबद्दल निवाडा न करणं. त्याला काय वाटतंय ते समजणं. आणि आपल्याला ते समजलंय हे त्याच्यापर्यंत पोहोचवणं. या चार पायऱ्या लक्षात ठेवा, कारण हेडसेट यांतल्या कोणत्या पायरीपर्यंत नेतो, हाच खरा प्रश्न आहे.

मेंदू फसतो कसा?

हेडसेटमध्ये दोन भिंगं असतात आणि प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दाखवलं जातं. आपले दोन डोळे एरवीही जग थोड्या वेगवेगळ्या कोनांतून बघतात. त्यामुळे मेंदू ती दोन चित्रं जुळवून खोली तयार करतो. तुम्ही मान वळवली की आतले सेन्सर ती हालचाल टिपतात आणि चित्र त्याच क्षणी तेवढंच सरकतं. आवाजही त्या त्या दिशेने येतो. त्यामुळे पडदा बघतोय असं न वाटता आपण तिथे आहोत असं वाटायला लागतं. काहींना गरगरतंही, कारण डोळे म्हणतात ‘मी चाललोय’ आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो ‘छे, तू तर खुर्चीत बसलायस.’

यापुढची पायरी शरीराची. १९९८ साली मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवायचा, समोर रबरी हात ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात माणसाला तो रबरी हातच आपला वाटायला लागतो. आपलं शरीर म्हणजे काय, याबाबत मेंदू इतका भोळा आहे. हेडसेटमध्ये खाली बघितल्यावर सुरकुतलेले हात दिसले आणि ते आपल्या हाताबरोबर हलले, तर मेंदू ते हात आपलेच मानायला तयार होतो. आपल्या जुन्या कथांमध्ये परकायाप्रवेशासाठी योगसिद्धी लागायची. इथे दोन भिंगं आणि एक कॅमेरा पुरतो.

आल्फ्रेड, बिअ‍ॅट्रिझ आणि क्ले

कॅरी शॉ या अमेरिकन तरुणीच्या आईला कमी वयातच अल्झायमर झाला. आईच्या नजरेचा काही भाग जणू पुसला गेला होता. काळजी घेणाऱ्यांना हे शब्दांत समजावून सांगता येईना, म्हणून शॉ यांनी एका चष्म्यावर चिकटपट्ट्या लावल्या आणि तो त्यांना घालायला दिला. पुढे वैद्यकीय चित्रणाचं शिक्षण घेताना त्याच कल्पनेतून ‘वी आर आल्फ्रेड’ हा अनुभव तयार झाला आणि त्यातून ‘एम्बॉडीड लॅब्ज’ ही कंपनी उभी राहिली.

आल्फ्रेड हा ७४ वर्षांचा आफ्रिकन-अमेरिकन गृहस्थ. हेडसेट घातला की तुम्ही आल्फ्रेड होता. नजरेच्या बरोबर मध्यभागी एक काळपट डाग असतो. मान कुठेही वळवा, डाग तुमच्याबरोबर फिरतो, आणि जे बघायचंय नेमकं तेच झाकतो. हा मॅक्युलर डीजनरेशनचा परिणाम : पडद्याचा मधला भाग निकामी होतो, कडेची नजर शिल्लक राहते. सोबत उच्च स्वरांचं ऐकू येणं कमी झालेलं. घरची माणसं भोवती बोलतायत, पण बोलणं पाण्याखालून आल्यासारखं. डॉक्टर बुद्धीची चाचणी घेतात आणि आल्फ्रेड अडखळतो. त्याची बुद्धी शाबूत आहे. त्याला प्रश्न ऐकू आलेला नाही आणि कागद दिसलेला नाही. बघणाऱ्यांना मात्र वाटतं, आजोबांचं डोकं चालेनासं झालं.

उच्च स्वर ऐकू न येणं म्हणजे काय, हे मराठीत करून बघा. स, श, फ यांसारखे घर्षणाचे आवाज उच्च कंप्रतेचे असतात आणि म्हातारपणी तेच आधी विरतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. आता कोणी ‘साठ’ म्हटलं आणि त्यातला ‘स’ गळाला, तर उरतं ‘आठ’. आजी-आजोबा म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ आपण वैतागून आणखी मोठ्याने ओरडतो. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण हरवलाय तो व्यंजनाचा तुकडा. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर जास्त कळतं. आल्फ्रेड झालेल्या विद्यार्थ्याला हे पाठ करावं लागत नाही.

मला हा भाग वाचताना माझी आजी आठवली. तिलाही हाच डोळ्यांचा आजार होता. ती बोलताना चेहरा किंचित बाजूला वळवायची. लग्नसमारंभात नातेवाईक म्हणायचे, ‘म्हातारीला राग आलाय, तोंड फिरवून बोलते.’ ती खरं तर त्यांना नीट बघायचा प्रयत्न करत असायची, उरलेल्या कडेच्या नजरेने. वॉर्डात अशा पेशंटवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडला, तर पुढची प्रत्येक नर्स तो शेरा वाचूनच त्याच्याकडे जाणार.

आल्फ्रेडनंतर बिअ‍ॅट्रिझ आली : मध्यमवयीन स्त्री, आणि तिच्या अल्झायमरचा पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंतचा प्रवास. मग क्ले आला : ६६ वर्षांचा माजी सैनिक, शेवटच्या टप्प्यातला फुप्फुसाचा कर्करोग. डॉक्टर ‘आता उपाय नाही’ हे सांगतात तेव्हा ते ऐकणारे तुम्ही असता. अंथरुणाभोवती घरची माणसं जमतात तेव्हा अंथरुणात तुम्ही असता. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडमध्ये वैद्यकीय, नर्सिंग आणि इतर आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांसाठी हे अनुभव आणले गेले, आणि आपल्यासाठी कौतुकाची बाब म्हणजे त्यात पुढाकार होता विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा. वृद्धांच्या अडचणी अधिक नीट समजल्या, असं तिथल्या विद्यार्थ्यांनी नोंदवलं.

यासाठी दरवेळी महागडं यंत्र लागतंच असंही नाही. ब्रिटनमधल्या ‘अल्झायमर्स रिसर्च यूके’ या संस्थेने २०१६ साली ‘अ वॉक थ्रू डिमेन्शिया’ हे मोफत अ‍ॅप काढलं. साधा मोबाईल पुठ्ठ्याच्या चष्म्यात घालून ते बघता येतं. दुकानात, रस्त्यावर आणि घरात असे तीन प्रसंग आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला पाण्याचं डबकं खड्ड्यासारखं दिसू शकतं, ही गोष्ट मी वाचली होती. पुठ्ठ्याच्या चष्म्यातून बघताना माझा पाय खरोखर मागे सरकला.

फायदा किती, आणि कसला?

२०१५ साली चित्रपटकार ख्रिस मिल्क यांनी एका गाजलेल्या भाषणात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीला समानुभूतीचं सर्वोत्तम यंत्र म्हटलं. जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीतल्या सिद्रा नावाच्या सीरियन मुलीवरची त्यांची फिल्म तेव्हा चर्चेत होती. ‘समानुभूतीचं यंत्र’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच. पण संशोधन काय सांगतं?

एक निष्कर्ष यंत्राच्या बाजूचा आहे. स्टॅनफर्डमध्ये फर्नांडा हेरेरा आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना घर गमावण्याचा अनुभव हेडसेटमधून दिला आणि काहींना तोच प्रसंग वाचून कल्पना करायला सांगितलं. हेडसेटवाल्यांची बेघरांविषयीची आस्था आठ आठवडे जास्त टिकली आणि परवडणाऱ्या घरांसाठीच्या अर्जावर त्यांच्यापैकी जास्त लोकांनी सही केली.

दुसरा निष्कर्ष मात्र थांबवतो. २०२१ साली अ‍ॅलिसन मार्टिंगानो, स्वतः हेरेरा आणि सॅरा कॉनरथ यांनी ४३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं की हेडसेटमुळे भावनिक समानुभूती वाढते, म्हणजे दुसऱ्याचं बघून आपलं मन हलतं. पण वैचारिक समानुभूती, म्हणजे ‘हा माणूस काय विचार करत असेल, याला काय हवं असेल’ हे ओळखण्याची क्षमता, त्याने वाढत नाही. शिवाय वाचणं आणि कल्पना करणं या जुन्या उपायांपेक्षा एकंदरीत हेडसेट सरस ठरला नाही! साहित्याच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

तिसरा अभ्यास सगळ्यात महत्त्वाचा. अ‍ॅरिएल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोळस लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना काही कामं करायला लावली. नंतर विचारलं, अंध माणसं कितपत काम करू शकतात, स्वतंत्र राहू शकतात? पट्टी बांधलेल्यांनी अंधांची क्षमता कमी लेखली. कारण उघड आहे. पट्टी बांधलेल्याला मिळते ती अंधत्वाची पहिली दहा मिनिटं : ठेचा, गोंधळ, भीती. वीस वर्षं अंध असलेल्या माणसाने काठी, स्पर्श, आवाज यांच्या जोरावर जे शिकलेलं असतं, त्यातलं काहीच त्याच्याकडे नसतं. तो स्वतःच्या घाबरण्याला दुसऱ्याचं आयुष्य समजून बसतो.

नर्सच्या बाबतीत याचा परिणाम काय होईल ते बघा. आल्फ्रेडला बघून कळवळलेली विद्यार्थिनी खऱ्या आजोबांना चमच्याने भरवायला जाईल. आजोबांना स्वतःच्या हाताने जेवता येतं. ताटात भात कुठे आहे आणि आमटी कुठे, एवढंच सांगायची गरज होती. मनात माया भरपूर, पण हातून घडलं काय? माणसाचा स्वाभिमान काढून घेतला. सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक इथे शब्दकोशातून उतरून जेवणाच्या ताटात येतो.

केळकरांची समाधी

इथे मला आपल्या अभ्यासक्रमातले न. चिं. केळकर आठवले. वाङ्मयीन आनंद कशात आहे, हे सांगताना त्यांनी ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण स्वतःची भूमिका न सोडता. दुःखी नायिकेबरोबर आपण रडतो. त्याच वेळी आपण खुर्चीत बसून पुस्तक वाचतोय, ही जाणीवही असते. दोन्ही एकदम.

परीक्षेपुरती पाठ केलेली ही कल्पना नर्सला किती लागू पडते! रुग्णाच्या वेदनेत पूर्ण बुडालेली नर्स इंजेक्शन देऊ शकणार नाही. आणि अजिबात आत न शिरलेली नर्स इंजेक्शन देईल, पण रुग्णाचा थरथरणारा हात तिला दिसणार नाही. आत शिरायचं आणि आपण कोण हेही विसरायचं नाही, हा तोल तिला रोज, दर खाटेपाशी साधावा लागतो.

हेडसेट आत शिरायला मदत करतो. परत यायला तो शिकवत नाही; ते काम माणसांनी करायचं असतं. म्हणून जिथे हा प्रयोग नीट होतो तिथे हेडसेट काढल्यावर चर्चा असते. तुला काय वाटलं? त्यातलं आल्फ्रेडचं किती आणि तुझं किती? खऱ्या पेशंटपाशी गेल्यावर तू काय वेगळं करशील? काय विचारशील? वाइजमनबाईंच्या चार पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे दुसऱ्याचं जग बघणं, हेडसेट बऱ्यापैकी चढवतो. उरलेल्या तीन पायऱ्या चर्चेत, वॉर्डात आणि रुग्णाला विचारूनच चढाव्या लागतात.

आपल्या वॉर्डात डाग कुठे आहे?

आल्फ्रेडसमोर डाग आहे तो नजरेत. आमच्या बेळगावसारख्या गावात एक डाग भाषेचाही असतो. खाटेवरच्या आजी मराठी बोलणार, नर्स कधी कन्नड बोलणारी, कधी केरळहून आलेली, आणि केसपेपर इंग्रजीत. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी एक मैत्रीण सांगते की पेशंटला ‘दुखतंय का?’ एवढं विचारायला ती आठवड्यात शिकली. अडचण उत्तराची असते.

मराठी माणूस नुसतं ‘दुखतंय’ म्हणून थांबत नाही. कळ येते, ती लाटेसारखी येऊन जाते. ठणका लागतो, तो नाडीबरोबर उडत राहतो. चमक निघते, ती क्षणात आरपार जाते. कंबरेत उसण भरते. पायाला मुंग्या येतात. पोटात गोळा येतो, ढवळतं, आग पडते. हे शब्द म्हणजे पेशंटने स्वतः केलेलं अर्धं निदान. ‘एक ते दहा आकड्यांत सांगा’ म्हटलं की त्यातलं बरंचसं गळून पडतं. आणि ‘जीव घाबरा होतोय’ याचा अर्थ कोणी ‘आजींना भीती वाटतेय’ असा लावला, तर? आजी धाप लागल्याचं, छातीत धडधडल्याचं सांगत असतील. तिथे शब्द चुकणं महागात पडू शकतं.

यावर हेडसेट चालत नाही, कारण आल्फ्रेड इंग्रजी बोलतो. पण उपाय आपल्या हातातला आहे. आपल्या मंडळाने दुखण्याचे मराठी शब्द गोळा करावेत. घरच्या आजी-आजोबांना विचारून, प्रत्येक शब्द कुठल्या अवयवाला लागतो, दुखणं थांबून थांबून येतं की सलग असतं, हे लिहून घ्यावं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींकडून ते तपासून घ्यावं, समोर कन्नड, मल्याळम आणि इंग्रजी अर्थ द्यावा, आणि खिशात मावेल अशी पुस्तिका करावी. माझ्या मैत्रिणीने तिच्या वर्गातल्या चौघींना तयार केलंय. माझ्या वहीत आतापर्यंत सदतीस शब्द झालेत, त्यातले नऊ एकट्या पोटाचे आहेत. तुमच्या घरात चालणारा एखादा शब्द यात नसेल, तर येत्या बैठकीला घेऊन या.